सव्वा रुपयातील पावलीची हकीकत

श्रीदेवी साक्ष आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध द्वितीया, ते दिवशी सकाळी खजिना उघडिला आणि आत पावली नाही हे कळले. खजिना म्हणजे पावडरीचा पत्र्याचा डबा, तो देव्हाऱ्याखाली असतो, आणि राज्य म्हणजे दोन खोल्या व मागे न्हाणी. या राज्यात माणसे दोन होती, पौष मासापासून एक आहे. चिरंजीव सौभाग्यवती उज्ज्वला परदेशी असते, तिने फोनवर आज्ञा केली की, "बाबा, आईच्या सव्वा रुपयाचं काय झालं ते तुम्ही नीट सांगत नाही, लिहून पाठवा." त्यावरून घडले ते लिहितो, पदरचे घालत नाही.

पूर्वी आमच्या लहानपणी आण्यांचा अंमल होता. चार पैशांचा आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली, आणि सोळा आण्यांचा बंदा रुपया, तो सर्वांचा धनी. भोकाचा पैसा करगोट्यात ओवून पोरांच्या कमरेस बांधीत. मग हुकूम सुटला की रुपयाचे शंभर नवे पैसे करावे, आणि आणा सहा पैशांस बसविला, चवली बारांस, ती नीट बसेना, बाजारात रोज भांडणे जाहली, आणि पावली मात्र पंचवीस पैशांस बरोबर बसली, तिला कोणी हलविले नाही. मग ॲल्युमिनियमची फौज आली, पाच पैसे चौकोनी, तीन पैसे षट्कोनी, दहा पैसे पाकळ्यांचे, वजन असे की फुंकरीने उडावे. कागदी सरदारही पुष्कळ जाहले, दोनाच्या नोटेवर वाघ, पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर, दहाच्या नोटेवर मोर, आणि हजाराची आली ती एका रात्रीत बडतर्फ जाहली, मग दोन हजारांची गुलाबी आली, तीही फार दिवस टिकली नाही. आम्ही एस.टी.त वाहक, चौतीस वर्षे चामडी पिशवी गळ्यात, नाणे बोटास कळे, बघावे लागत नसे. हजारो पावल्या या हातातून गेल्या आणि आम्ही एकही ठेविली नाही.

शके एकोणीसशे तेहेतीस, ज्येष्ठ अखेरीस हुकूम जाहला की पावली आता चालणार नाही. लोकांस काही वाटले नाही, कारण पावलीत ते समयी गोळीदेखील मिळत नव्हती. आमच्या राज्यात मात्र अडचण पडली. उज्ज्वला तीन वर्षांची असता विषमज्वरातून उठली, तेव्हा द्वारकाबाई, म्हणजे तिच्या मातोश्री, देवीस बोलल्या होत्या की दर चैत्री पौर्णिमेस आमच्या घरून सव्वा रुपया येईल. सव्वा रुपया म्हणजे एक रुपया आणि एक पावली. आम्ही म्हणालो, "आता दोन रुपये वाहा की, देवीचा फायदाच आहे." त्या म्हणाल्या, "बोलले सव्वा. दोन म्हटलं असतं तर दोन दिले असते." आणि त्यांनी डब्यातून पावली काढून दाखविली. मग दर चैत्रात आम्ही विचारावे, "आहे का पावली?" आणि त्यांनी म्हणावे, "आहे एक." आम्ही म्हणावे, "एकूण किती दडवल्यात? सरकारला कळवू का?" त्या म्हणत, "कळवा. चहाला येतील बिचारे." अशी तेरा वर्षे गेली. देवीच्या टेकडीवर त्या शेजारणींबरोबर जात, आम्ही वर चढत नसू, खाली पारावर वर्तमानपत्र वाचीत बसत असू.

मग पौष मासी द्वारकाबाई आजारी पडल्या आणि दवाखान्यात बारा दिवस होत्या. नवव्या दिवशी म्हणाल्या, "चैत्रात सव्वा रुपया तेवढा न्या. पावली डब्यात आहे. एक आहे." आम्ही म्हणालो, "तू येणारच आहेस ना." आणि पौष वद्य नवमीस गेल्या. तिसरे दिवशी अस्थी नदीस न्यावयाच्या, वामनभटजींनी सामान सांगितले, दूध, तीळ, फुले, आणि अस्थींबरोबर सव्वा रुपया. दुसरा कोणी असता तर दोन रुपयांचे नाणे ठेवून मोकळा होता. आम्हांस सव्वा म्हटले की पावली आठवली, आणि ती कुठे राहते हे ठाऊक होते, म्हणून डब्यात हात घातला आणि न बघता काढली. बोटास कडेची एक चीर लागली. एक गेली तर काय जाहले, तेरा वर्षे निघत आली आहेत, आणखी असतीलच, असे मनात. भटजींनी हातात घेऊन पाहिली, हळदीने पिवळी पडली होती. म्हणाले, "अहो, ही कुठून काढलीत? मी पंधरा वर्षांत बघितली नाही." आम्ही म्हणालो, "घरात होती." आणि अस्थींबरोबर ती पाण्यात सोडली.

मग फाल्गुनात डबा उघडिला तो वर लिहिलाच आहे. डबा उलटा केला, चवली निघाली, भोकाचा पैसा निघाला, वाघाची नोट चार घड्या घातलेली निघाली, उज्ज्वलाचा दुधाचा दात निघाला, पावली नाही. मग आम्ही शोधास निघालो. वाण्याकडे गेलो, त्याचा लेक म्हणाला, "पावली म्हणजे काय हो?" मग जिल्ह्याच्या गावी गेलो, कचेरीबाहेर एक इसम फडक्यावर जुनी नाणी मांडून बसतो, त्याने गेंड्याची पावली दाखविली आणि साठ रुपये सांगितले. आम्ही म्हणालो, "पंचवीस पैशांचे साठ?" तो म्हणाला, "काका, पंचवीस पैशांना होती तेव्हा का नाही ठेवलीत?" साठ रुपये दिले.

मग नवे शके लागले आणि चैत्री पौर्णिमेस आम्ही टेकडी चढलो, पाच ठिकाणी बसलो. पेटीवर फोनने पैसे देण्याचा चौकोन चिकटविला आहे, पुढचा मनुष्य तसे देऊन गेला. देवीपाशी अनुसया गुरवीण बसते, ती टेकडी चढता-उतरता आम्हांस पारावर बघे, तिने विचारिले, "द्वारकामावशी खाली बसल्यात व्हय?" आम्ही म्हणालो, "गेली. पौषात." तिने हातातले ताट खाली ठेविले. आम्ही रुपया पेटीत टाकिला आणि पावली काढिली. ती म्हणाली, "बघू." तळहातावर उलटीपालटी केली, परत हातात दिली आणि म्हणाली, "ही न्हवं. मावशींच्या पावलीला कडंला चीर हुती."

"दरवर्षी वेगळी असेल ना?"

"कुठली वेगळी, दादा? तेरा वरीस तीच. मी देवीच्या पायाला लावायची आन् वटी भरताना नारळाबरुबर परत पदरात टाकायची. पेटीत पडून तिचं काय व्हनार, ब्यांक घेत न्हाई. मावशी म्हनायच्या, झाली पुढल्या चैत्राची सोय."

"मला कधी सांगितलं नाही."

"म्हनायच्या, घरी सांगू नगंस, हसत्यात."

मग ती म्हणाली, "आना ही, लावते पायाला." हात पुढे केला आणि थांबली. "पर परत कशी देऊ? वटी बाईची भरत्यात. पेटीतच टाका आता." आम्ही विचारिले, "आणि पुढल्या चैत्राला?" ती म्हणाली, "पुढल्याला दुसरी आना की." मागून कोणी म्हणाले, "आजोबा, सरका जरा, लाइन लागलीय." मग आम्ही सरकलो. गुरविणीने नारळ हातात दिला. खाली पारावर येऊन बसलो आणि वर्तमानपत्र आणिले नव्हते.

येथवर घडले ते लिहिले. चिरेची पावली नदीत आहे. साठ रुपयांची सदऱ्याच्या खिशात आहे. रुपया देवीस पोहोचला. चार आणे वाहावयाचे राहिले आहेत.