खोटा गेत्झेल

“हजार मुखवटे घालू दे, गेत्झेलला मी नुसत्या पाठीवरून ओळखीन!” डोक्यावरचा कागदी मुकुट सावरत फिशेल म्हणाला.

“ओळखायचं नाहीये हो, माफी मागायचीय!” बायकोने, ब्राइनाने, खसखशीची त्रिकोणी बिस्किटं आणि संत्री मांडलेलं ताट त्याच्या हातात कोंबलं. “पुरीमच्या सणाचं ताट सूर्य बुडायच्या आत मित्राकडे पोचायला हवं. नाहीतर बसा पुन्हा वर्षभर एकटेच चकरा मारत!”

बोचलं, पण खरं होतं. अँटवर्पच्या बागेत फिशेल आणि गेत्झेल रोज जोडीने फिरायचे. गेल्या पुरीमला प्रार्थनाघरात गेत्झेल एस्तेर राणीची पोथी गाऊन वाचत होता, आणि फिशेल भर प्रार्थनेत ओरडला, “चाल चुकली!” झालं! तेव्हापासून अबोला. एक बागेच्या या अंगाने, दुसरा त्या अंगाने.

पुरीम म्हणजे सोंगं घ्यायचा सण; रस्त्यावर सोंगांची जत्राच लोटली होती. समोरून एक अस्वल आलं. गेत्झेलसारखंच फेंगडं चालणं! फिशेल आडवा गेला. “गेत्झेल, माझं चुकलं रे!”

“कशाबद्दल?” अस्वलातून नाजूक आवाज आला. ती दातांची डॉक्टरीणबाई होती! फिशेल टुणकन मागे उडाला. पुढे एका धिप्पाड एस्तेर राणीपाशी त्याने डोळ्यांत पाणी आणून तेच सांगितलं.

“केलं माफ, काका,” राणीने दाढी खाजवली. तो कोपऱ्यावरचा खाटीक! “पण केलंत काय तुम्ही?”

फिशेल गरगरत बागेत शिरला. बाकावर गेत्झेल! तोच विटका कोट, तोच मफलर. फिशेलचं डोकंच फिरलं. आज शेंबडी पोरंसुद्धा राजे होऊन हिंडताहेत, आणि गेत्झेल गेत्झेल होऊन बसेल? शक्यच नाही! कुणीतरी टवाळ त्याचं सोंग घेऊन बसलाय!

“लाज नाही वाटत? देवमाणसाची टिंगल करतोस?”

“कुणाची?”

“गेत्झेलची! अरे, तो पोथी गातो तेव्हा भिंतींना भरून येतं! त्याच्याशिवाय फिरणं म्हणजे अळणी रस्सा!”

बाकावरच्या माणसाने त्याच्याकडे टकामका पाहिलं. “अरे, मीच गेत्झेल!”

“आवाजही काढतोस का? मग गा पोथीची पहिली ओळ!”

उन्हं झाडांच्या शेंड्यांवर चढली होती. गेत्झेलने डोळे मिटून सूर लावला आणि फिशेलच्या अंगावर काटा आला. हाच तो गळा! देवा, हाच! आता ताट पुढे करायचं, बस्स...

“चुकली! चाल चुकली! तिथे वर जायचं, वर!”

सुटलंच तोंडून! फिशेलने जीभ चावली. गेलं आणखी एक वर्ष!

पण गेत्झेल खदखदून हसला आणि त्याने ताट ओढून घेतलं. “आता पटलं! फिशेल, आणि माझी स्तुती? मला वाटलं, कुणीतरी तुझं सोंग घेऊन आलंय. म्हणून मुद्दाम चुकलो.”

“म्हणजे गेल्या वर्षीही मुद्दाम?”

“छे!” गेत्झेलने अख्खं बिस्किट तोंडात टाकलं. “तेव्हा अगदी मनापासून चुकलो होतो!”