हौदाचं भोक कोणी बुजवलं?

हातात कला असावी लागते! घरातलं कुठलंही काम मिस्त्रीला न बोलावता करणारा अख्ख्या म्हसळ्यात मी एकटाच, असं माझं ठाम मत आहे. बायको सुचिताचा भाऊ कुलदीप पनवेलला कंत्राटदार. मागच्या खेपेला तो सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "भावोजींना फक्त टॉर्च धरायला द्या!" तेव्हापासून मी पेटलोच होतो.

परसातल्या हौदाला पाईपजवळ भोक पडलं होतं. हौद भरला की तिथून धार लागायची. रविवारी कुलदीप यायच्या आत डब्यातला फोम फवारून ते बुजवायचं, अशी मी प्रतिज्ञा केली. आणि विसरलो.

बुधवारी सकाळी सुचिताची हाक आली, "अहो, बुजवलंत की हो! मला वाटलं, विसरलात!"

जाऊन बघतो तर भोकावर आतल्या बाजूनं मुठीएवढा पांढरट फेस घट्ट चिकटलेला! धार बंद! कोणी केलं, देव जाणे. पण आयतं पदरात पडलेलं श्रेय परत करायला मी काही संत नाही.

"मग! मी बोललो की करतोच!"

सुचितानं लगेच भावाला फोन लावला. रविवारी चहाच्या आधीच त्याला हौदावर नेलं. शेजारची आवडाबाई काकीही कौतुक बघायला आली.

"कुठलं मटेरियल, भावोजी?"

"विलायती! वरून सुकतं, आत ओलं राहतं. म्हणून तडा जात नाही."

कुलदीपनं बोटानं दाबलं. "अहो, हे हलतंय!"

"हलणारच! लवचिक आहे!"

तेवढ्यात त्यातून काळं काहीतरी टपकन हौदात पडलं. मग दुसरं. मग धडाधड! आणि शेपट्या वळवळवत सगळी पोहायलाच लागली!

"भावोजी, तुमचं मटेरियल पोहतंय!" कुलदीप ओरडला. "झाडावरची बेडकी ही! पाण्याच्या वर फेस घुसळून त्यात अंडी घालते. पिल्लं तयार झाली की खाली टपकतात. आमच्या साइटवरच्या टाक्यांतपण हेच! आणि पाणी भोकाच्या खाली आहे, म्हणून धार नाही!"

पाईपच्या वरच्या टोकाला सिमेंटच्या रंगाची बोटभर बेडकी चिकटून बसली होती. माझ्याकडेच बघत होती मेली!

सुचिता हसून हसून खाली बसली. मला हौदात उडी मारावीशी वाटली, पण तिथे आधीच गर्दी झाली होती.

"काकी, तू तरी हसू नको गं!"

"मी कुठं हसतेय? माझ्याबी हौदाला भोक हाय. बुजवतो बुजवतो म्हणून पावसाळा सरवलास तू!"

"उद्याच येतो काकी. नक्की!"

"तू नको रं बाबा," काकी बेडकीकडे बोट दाखवत म्हणाली, "तिलाच पाठीव!"