पाळणाघराच्या दारावर बुदिमिर

"परवाना अर्जाने मिळत नसतो, माणसाने मिळतो!" बुदिमिरने टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. कॉफीचे दोन्ही पेले उडाले. "आणि माझ्या ओळखीचा नाही असा माणूस या गावात अजून जन्माला यायचाय!"

यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. मोरावा नदीकाठच्या आमच्या गावात बुदिमिरने एकतीस वर्षं बसस्थानकाच्या खिडकीत बसून गाड्या सोडल्या होत्या. कुणाची सासू कुठल्या गाडीने येते आणि कुठल्याच गाडीने परत कशी जात नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. निवृत्त झाल्यापासून ही सगळी माहिती नुसती पडून होती. तिला गंज चढू नये म्हणून तो रोज कुणा ना कुणाच्या कामात नाक खुपसायचा. आता तर घरचंच काम निघालं होतं!

काम त्याच्या बायकोचं, नेवेनकाचं. सूतगिरणीच्या पाळणाघरात तिने सव्वीस वर्षं लोकांची मुलं वाढवली. गिरणी बंद पडली तशी ती घरी बसली, आणि दोन वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यावरची पोरं बघत उसासे टाकत राहिली. मग एके दिवशी तिने बाह्या सरसावल्या आणि घराचा तळमजला रिकामा करायला घेतला. बुदिमिरची मासे पकडायची जाळी, फुटके गळ, तीन पिढ्यांचे रबरी बूट, सगळं बाहेर! आत काय आलं? गुडघ्याएवढी बेसिनं, अकरा खुंट्या, अकरा छोट्या खाटा आणि तीन इवले संडास. अकरा मुलांच्या आयांनी त्यांची नावंही घातली. अडलं होतं ते फक्त परवान्यावर. एक डिसेंबरपर्यंत तो आला नाही, तर मुलं शेजारच्या गावी जाणार आणि नेवेनका पुन्हा खिडकीत. ती हे बोलली नव्हती. पण रोज सकाळी खाली जाऊन रिकाम्या खुंट्या फडक्याने पुसायची, ते बुदिमिर बघत होता. म्हणून तर त्याला एवढा जोर चढला होता.

"अरे, पण अर्जाखाली लिहिलंय की," नेवेनका म्हणाली. "संपर्क, झागोर्काबाई. पुढे नंबर आहे. मी फोन करते ना!"

"जो नंबर सगळ्यांसाठी असतो, तो कुणाच्याच कामाचा नसतो!"

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्याला खिडकीमागचा माणूस नको, दारामागचा हवा!"

नेवेनकाने वाद घातला नाही. चौतीस वर्षांच्या संसारात ती एवढं शिकली होती. तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि सरळ फोन केला.

इकडे बुदिमिरने आपल्या कूमला, झिवादिनला गाठलं. कूम म्हणजे लग्नातला साक्षीदार, सख्ख्या भावापेक्षा वरचा. त्याने नाही म्हणायचंच नसतं. झिवादिनने आपल्या दातांच्या डॉक्टरला सांगितलं, डॉक्टरने मेव्हण्याला, मेव्हण्याने आणखी कुणाला. प्रत्येक पायरीवर आलुबुखाराच्या घरगुती दारूची, राकियाची, एकेक बाटली तळघरातून निघत होती. पाचव्या दिवशी झिवादिनचा फोन आला.

"जमलं! खुद्द विभागाचा प्रमुख येतोय! उंच आहे, भरघोस मिशा आहेत. तुझ्या स्लावेलाच येईल, म्हणजे कुणाला संशय नको. खाऊ घाल, खोल्या दाखव. पण तो बोलेपर्यंत परवान्याचं नाव काढायचं नाही!"

"कूम, तू देवमाणूस आहेस!"

स्लावा म्हणजे घरच्या संताचा दिवस. त्या दिवशी कुणाला आमंत्रण नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि दारात आला तो पाहुणा. त्याला 'आपण कोण?' असं विचारणं म्हणजे त्याच्या ताटातला घास काढून घेणं! आमच्या गावात लोक चोरी करतील, पण हे करणार नाहीत.

एकवीस नोव्हेंबरला दुपारी घरात चाळीस माणसं होती. वर भाजलेलं डुक्कर आणि सार्म्याची, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याची, पातेली रिकामी होत होती. नेवेनका चुलीपासून हलू शकत नव्हती. खालच्या मोठ्या खोलीत, बुटक्या फाटकामागे, पोरांचा धिंगाणा चालला होता. शेजारच्या चार वर्षांच्या दुन्याची आई त्यांच्यात बसून कागदाच्या होड्या करत होती. आणि बुदिमिर दारात उभा राहून मिशा शोधत होता.

आल्या! भरघोस, पांढऱ्या, दोन्ही टोकांना वळलेल्या! त्यांच्यामागे एक उंच माणूस, एका हातात कॉफीचं पाकीट, दुसऱ्यात बाटली.

"घर... हेच ना?" त्याने बिचकत विचारलं.

"हेच! हेच! दुसरं कुठलं!" बुदिमिरने त्याला रीतीचा गोड घास भरवायचाही धीर धरला नाही, दंडाला धरून थेट तळमजल्यावर नेलं. "आधी हे बघा! या खाटा! अकरा!"

पाहुण्याने खाटा बोटांवर मोजल्या. "अकरा?"

"सध्या अकरा! पुढे वाढवता येतील!"

पाहुण्याच्या कपाळावर घाम आला. "आणि... केव्हापासून?"

"एक डिसेंबर! सगळी एकदम!"

"एकदम!" पाहुणा मटकन खाली बसला. नेमकी मागे मुलांची खुर्ची होती. ती मजबूत निघाली, पण पाहुणा रुंद होता. तो तिच्यात बाटलीतल्या बुचासारखा बसला. बुदिमिरला वाटलं, काय साधा माणूस! एवढा मोठा अधिकारी आणि मुलांच्या खुर्चीत बसून तपासतोय!

त्याच्यासाठी राकिया आणायला तो वर धावला, तर दारात करड्या कोटातली एक बाई उभी. खांद्याला भली मोठी पिशवी.

"नमस्कार, मी..."

"या या या! आधी आत या! केवढी थंडी!" बुदिमिरने कोट काढून घेतला, पायात सपाता सरकवल्या.

"अहो, मी खरं तर..."

"आधी गहू!" स्लावेच्या गोड गव्हाचा चमचा बाईंच्या तोंडात गेला. भरल्या तोंडाने कोण स्वतःची ओळख करून देणार? बुदिमिरच्या ल्युबिंका आत्याने त्यांना ताब्यात घेतलं आणि पुढचा एक तास त्यांनी तोंड उघडलं की त्यात सार्मा घातला. त्यांनी एकदा खिडकी उघडून पाहिली, तर आत्या किंचाळली, "वारा लागेल! मरायचंय का?" खिडकी धाडकन बंद! आत्याला वाटत होतं, बाई नेवेनकाच्या माहेरची. नेवेनकाच्या बहिणीला वाटत होतं, बुदिमिरकडची. विचारणार कोण?

शेवटी हातात केकची बशी घेऊन बाई निसटल्या आणि खाली आल्या. बुदिमिर तिथे पाहुण्याला तिसरा पेला पाजत होता. बाई फाटकाशी पोचल्या, तर पलीकडे दुन्या कडीवर हात ठेवून उभी.

"तुझं नाव काय?" दुन्याने विचारलं. "कुणाला न्यायला आलीस? नेवेनकामावशीला विचारल्याशिवाय मी नाही उघडणार."

बुदिमिरला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेही विभागप्रमुखासमोर!

"दुन्या! पाहुण्यांना नाव विचारतात का? काही रीतभात? माफ करा हं बाई, आजकालची मुलं!" आणि त्याने स्वतःच्या हाताने कडी काढली.

बाई पोरांमध्ये थोडा वेळ बसल्या, त्यांनी आपापले हात धुतले ते बघितलं, मग पिशवीतून मोजपट्टी काढली. बुदिमिरच्या डोक्यात प्रकाश पडला. पडदे! नेवेनकाची कुणी लांबची बहीण पडदे शिवून देणार होती! त्याने लगेच पट्टीचं टोक धरलं आणि तो बाईंबरोबर भिंतीभिंतीने फिरू लागला.

"ती खुर्चीतली असामी ओळखलीत?" त्याने हळूच विचारलं. "विभागाचे प्रमुख! परवाना खिशात आहे त्यांच्या. आमची ही मात्र कुणा झागोर्काला फोन करून बसलीय. खिडकीतली कारकून हो! तिच्याने काय होणार?"

"खरंय," बाई म्हणाल्या. "तिच्याने काय होणार! टोक जरा घट्ट धरा."

तेवढ्यात मिशावाला पाहुणा उठला. खुर्चीही उठली. तीन पेल्यांनी त्याला धीर आला होता.

"व्याही, आता मला बोलू द्या! अकरा फार होतात हो! माझी यागोदा नाजूक आहे. दोन म्हणा, फार तर तीन!"

"कोण यागोदा?"

"माझी मुलगी! तुमची होणारी सून!"

"मला तर मुलगाच नाही!"

दोघे एकमेकांकडे आ वासून बघत राहिले. मग उलगडा झाला. पलीकडे तिसऱ्या घरातही त्याच संताची स्लावा होती. हा बिचारा डोंगरातल्या गावाहून पहिल्यांदाच होणाऱ्या व्याह्यांकडे निघाला होता. इथे कुणी नाव विचारलं नाही आणि विचारायची त्यालाही लाज वाटली.

एवढ्यात जिन्यावरून झिवादिन ओरडत आला. "बुदिमिर, घोळ झाला! तो प्रमुख चार वर्षांपूर्वीच निवृत्त झालाय! आत्ताच फोन आला. पण कुणाला भेटायचं ते त्याने सांगितलंय. कुणी झागोर्का म्हणून आहे. तिच्याकडे ओळख चालत नाही म्हणे, सरळ फोन करायचा!"

बाईंनी मोजपट्टी गुंडाळली. "टोक सोडा आता," त्या म्हणाल्या. "मी झागोर्का. खिडकीतली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपण लोकांना ऐकवतो तेव्हा किती गोड लागते! बुदिमिरच्या हातून पट्टीचं टोक गळून पडलं. दुन्याच्या आईने हाक मारली तशी नेवेनका पिठाच्या हातांनी धावत खाली आली.

"तपासणीला मी न सांगताच येते. खोल्या उत्तम आहेत," झागोर्काबाई म्हणाल्या. "उजेड, बेसिनं, सगळं नियमात. पण या घरात मी दीड तास आहे. मुलांच्या मधोमध जाऊन बसले. एकाही मोठ्या माणसाने माझं नाव विचारलं नाही. आणि या गृहस्थांना तर तुमच्या नवऱ्याने स्वतः आणून मुलांच्या खुर्चीत बसवलं! पाळणाघराचं दार असं असतं का?"

नेवेनकाचा चेहरा पांढरा पडला. तिने फक्त खुंट्यांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बुदिमिरला कुणाला फोन करावा ते सुचेना.

"बाई, चूक माझी आहे," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "तिची नाही. पोरीने विचारलं होतं की तुम्हाला. मीच तिला गप्प बसवलं. मी गाढव आहे, पण मुलं मी सांभाळणार नाही, ही सांभाळणार आहे."

झागोर्काबाई दुन्यासमोर वाकल्या. "तुला गं कुणी शिकवलं नाव विचारायला?"

"नेवेनकामावशीने," दुन्या म्हणाली. "बुदिमिरकाकांना पण शिकवलंय. पण ते विसरतात."

आधी झागोर्काबाई हसल्या, मग खुर्चीसकट पाहुणा हसला, मग सगळं घर! चौघांनी ओढून खुर्ची सोडवली आणि पाहुण्याला गाजावाजा करत तिसऱ्या घरी पोचवलं. तिथे एकही छोटी खाट नाही, हे बघून तो आनंदाने रडला म्हणतात. झागोर्काबाईंना मात्र आत्याने आणखी सार्मा खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. नेवेनका त्यांच्याशेजारी बसून हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदमच.

सत्तावीस नोव्हेंबरला परवाना आला. एक तारखेला अकराही खुंट्यांवर अकरा कोट लागले, आणि नेवेनका दिवसभर एकदाही खिडकीत गेली नाही.

परवान्याच्या शेवटी एक अट होती. 'दारावर येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारणारी व्यक्ती नेमावी. सदर व्यक्ती बुदिमिर नसावी.'

बुदिमिरने ती ओळ चारदा वाचली. मग चष्मा पुसला, छाती फुगवली आणि कागद घेऊन गावभर फिरून आला.

"बघितलंत? सरकारदरबारी आपल्याला नावाने ओळखतात!"