भोईरकाका आणि वाधवानींची करंगळी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऑफिसची भिंत बघून मी जागच्या जागी थिजले. भिंतीवर खिळ्यांची रांग, आणि प्रत्येक खिळ्याला कॉम्प्युटरचा एकेक माउस वायरने लटकवलेला. काही पिवळे पडलेले, एकाचं पोट फुटलेलं. खाली खडूने लिहिलं होतं, 'शरण आलेले'.

"हे काय आहे?" मी घाबरत विचारलं.

"ज्यांनी सोडले त्यांचे," स्क्रीनवरची नजर न काढता एक गृहस्थ म्हणाले. "तुझा खिळा पण मारून ठेवलाय, पोरी."

हे दिगंबर भोईर. बदलापूर गावातले. यांच्या शेतांवर आता टॉवर उभे आहेत, घरी दोन मुलगे, सुना, दारात दोन गाड्या, आणि हे मात्र रोज स्कूटरवरून उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या एका कारखान्याच्या डोक्यावरच्या आमच्या ऑफिसात येतात. कारखानदारांना लागणारे बिलांचे, मालाचे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. माझे वडील अंबरनाथच्या एका कंपनीत अधिकारी होते, त्यामुळे ऑफिस म्हणजे शिस्त, टापटीप आणि हळू आवाजात बोलणारी माणसं अशी माझी समजूत होती. ती त्या भिंतीनेच संपवली.

आता, प्रोग्रॅम ज्यात लिहितात त्याला एडिटर म्हणतात. माझ्यासारखी सामान्य माणसं हाताशी येईल तो एडिटर वापरतात आणि घरी जातात. भोईरकाकांचं तसं नाही. त्यांचा एडिटर विम. विममध्ये माउस लागत नाही, सगळं कीबोर्डवरूनच; विमला शरण आलेल्यांचे माउस त्या भिंतीवर. "हात उचलायचाच नाय! हात उचलला की माणूस संपला!" हे ते दिवसातून इतक्या वेळा म्हणतात, की खालच्या कारखान्यातले कारागीरही एकमेकांना तेच ऐकवतात.

त्यांनी माझ्या मशीनवर मला न विचारता विम उघडून दिला. त्यातून बाहेर कसं पडायचं हे काही मला कळेना. विचारायची लाज. संध्याकाळ झाली, रिक्षाची वेळ झाली, शेवटी मी टेबलाखाली वाकून बटण बंद केलं. अख्ख्या रांगेचे कॉम्प्युटर गेले. लोक ओरडायला लागले. मला वाटलं, गेली नोकरी. भोईरकाका मात्र अंधारलेल्या स्क्रीनकडे बघत शांतपणे म्हणाले, "पण मी म्हणतो, बाहेर पडायचंच कशाला?" ते विनोद करत नव्हते, हे मला नंतर कळलं.

विमची आणखी एक खोड आहे. त्यात दोन मोड असतात. एका मोडमध्ये तुम्ही दाबलेली अक्षरं उमटतात. दुसऱ्यात उमटत नाहीत, त्यांचे हुकूम होतात. या दुसऱ्याला नॉर्मल मोड म्हणतात. भोईरकाकांनी हे आयुष्याला लावून घेतलं आहे. सकाळचा चहा येईपर्यंत ते नॉर्मल मोडमध्ये असतात, म्हणजे तोंडातून शब्द नाही, फक्त खुणा. एकदा आमच्या मीटरच्या पेटीतून धूर यायला लागला. त्यांनी तो माझ्या आधी बघितला होता. चहा आला नव्हता. त्यांनी टेबलावर दोनदा टकटक केलं आणि बोटाने पेटी दाखवली! मी किंचाळले म्हणून ऑफिस वाचलं. वर चहा आल्यावर मलाच ऐकवलं, "मी खूण केली होती की."

अशा माणसाला टक्कर द्यायला तसाच माणूस हवा. तो समोरच्या टेबलावर होता. वाधवानी सर, इथलेच सिंधी, कॅम्प तीनचे. यांचा एडिटर ईमॅक्स. ते त्यात प्रोग्रॅम लिहितात, मेल वाचतात, हिशेब ठेवतात, आईच्या गोळ्यांची आठवण लावतात आणि कंटाळा आला की त्यातच पत्ते खेळतात. भोईरकाका विचारायचे, "साईं, एडिटर आहे की संसार?" वाधवानी म्हणायचे, "संसार ही है. तेरे विम में तो आदमी घुसा तो निकल नहीं पाता, लॉकअप है लॉकअप!" चहापासून डब्यापर्यंत आणि डब्यापासून संध्याकाळपर्यंत हेच. इतक्या वयाची, इतकी हुशार माणसं असल्या गोष्टीवरून एकमेकांच्या खानदानापर्यंत जातात, याचा मला रोज नव्याने धक्का बसायचा.

ईमॅक्सचा एक त्रास आहे. त्यात सारखं कंट्रोलचं बटण दाबून धरावं लागतं, आणि ते दाबते डाव्या हाताची करंगळी. वाधवानी सरांची करंगळी काही महिने दुखत होती. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मग मनगटाला पट्टी आली, मग कोपर दुखायला लागलं, मग डॉक्टरांनी बजावलं की करंगळीला ताण नको, नाहीतर हात कायमचा जाईल. आमच्या मालकांनी चांगल्या मनाने सुचवलं, की त्यांनी आता लिहिणं सोडावं, गिऱ्हाइकांचे फोन घ्यावेत. वाधवानी सर दोन दिवस फोन घेत बसले. पट्टीतला हात मांडीवर ठेवून "हां जी, हां जी" करणारा तो माणूस मला बघवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी ते उठले आणि भोईरकाकांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. चहा झालेला होता. सगळे ऐकत होते.

"भोईर," ते म्हणाले, "तेरा विम सिखा दे यार. उसमें करंगळी कम लगती है ना?"

मला वाटलं, आता काका पेढे मागवणार, भिंतीवर मधोमध मोठा खिळा ठोकणार, निदान टेबलावर चढून नाचणार तरी. ज्या माणसाने चहावाल्यालाही विमची महती सांगायचं सोडलं नव्हतं, त्याच्या दारात साक्षात ईमॅक्स शरण आला होता!

भोईरकाकांचा चेहरा पडला. "नाय शिकवणार," ते म्हणाले आणि स्कूटरची चावी उचलून चालू लागले.

मला जो राग आला तो सांगता सोय नाही. वाधवानी सर परत फोनपाशी जाऊन बसले. एवढा माणूस हात पसरून आला आणि यांनी तोंडावर दार लावलं! ऑफिसात कोणी भोईरकाकांचं नाव काढेना. त्यांनीही दुसऱ्या दिवशी रजा टाकली, तिसऱ्या दिवशीही. कधी रजा न घेणारा माणूस.

शनिवारी खालच्या कारखान्यात बिलांचं काही अडलं म्हणून मी उतरले. शिवायच्या मशिनींच्या मागे, चिंध्यांच्या ढिगावर भोईरकाका मांडी ठोकून बसले होते. पुढ्यात एका जुन्या मशिनीचं पायडल, शेजारी पोट फाडलेला कीबोर्ड, हातात तार. आणि लॅपटॉपवर ईमॅक्स उघडलेला! मला बघताच त्यांनी स्क्रीनवर पंजा ठेवला. परमिट रूममध्ये सासऱ्यांना बघितलं असतं तरी मला एवढा धक्का बसला नसता.

"काका, तुम्ही? ईमॅक्स?"

"ओरडू नको गं!" ते कुजबुजले. "पायाने कंट्रोल दाबता येतंय का बघतोय. आलं तर त्याची करंगळी सुटली."

"मग त्यांना विमच का नाही शिकवला? ते स्वतः आले होते ना?"

ते तार गुंडाळत राहिले. "हौसेने आला असता तर बदलापूर नाक्यावर बॅनर लावला असता मी. दुखतंय म्हणून आला. त्याला मी काय जिंकू?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि तो माझ्या बाजूला आला की मग काय? घरी मी काहीपण बोललो तरी सगळे बोलतात, हो बाबा, बरोबर बाबा. बोलतात आणि मोबाइल बघतात. हा साईं मला चूक बोलतो ना, तो आधी पूर्ण ऐकून घेतो."

मी पायडल धरून बसले आणि त्यांनी तार जोडली. संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर आम्ही ते वाधवानी सरांच्या टेबलाखाली बसवलं. टाचेला लागू नये म्हणून काकांनी डेनिमची घडी चिकटवली, त्यांच्या ईमॅक्समध्ये पायडलसाठी लागणाऱ्या ओळी लिहिल्या, आणि मला बजावलं, "मालकांनी आणलं असं सांग. माझं नाव घेतलंस तर बघ."

सोमवारी काकाही कामावर आले होते. मी वाधवानी सरांना तसंच सांगितलं. त्यांनी बिचकत पाय ठेवला. कंट्रोल लागला. पुन्हा दाबला, पुन्हा लागला. करंगळी पट्टीत नुसती पडून होती. ते भराभर फायली उघडत गेले, आणि त्या नव्या ओळींची फाइल उघडून एकदम थांबले.

मी मागून वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. पायडल कसं वापरायचं याची सूचना काकांनी वर लिहिली होती, आणि तिच्या शेवटी इंग्रजी जे, जे, जे, जे अशी अक्षरं सांडलेली. विममध्ये खालच्या ओळीवर जायला 'जे' दाबतात. ईमॅक्समध्ये तो नुसता उमटतो. आयुष्यभर विम वापरलेल्या बोटांनाच ही चूक जमते, आणि तशी बोटं आमच्या ऑफिसात एकाच माणसाला आहेत.

वाधवानी सरांनी ती अक्षरं पुसली नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खुर्ची ओढत ओढत थेट भोईरकाकांच्या टेबलाशी नेली आणि बसले.

"भोईर," ते म्हणाले, "तेरा विम एकदम बेकार चीज है."

भोईरकाकांनी कीबोर्ड बाजूला सारला. कोणाचं ऐकायला म्हणून त्यांना कीबोर्डवरून हात उचलताना मी आजवर पाहिलं नव्हतं.

"कसा काय ते नीट समजावून सांग," ते म्हणाले. "मला घरी जायची घाई नाय."