गुडघ्याचं अधिकृत कारण

माणसाचा गुडघा किरकोळ कारणाने दुखत नाही. पाठ बसून बसून दुखते, मान उशीमुळे आखडते, दात तर काहीही न करता किडतात. पण साठी उलटलेल्या पुरुषाचा गुडघा दुखू लागला, की त्यामागे रानटी जनावर, शत्रू किंवा निसर्गाचा कोप यांपैकी एक असतोच. (दोन्ही गुडघे दुखत असतील, तर किमान दोन.)

आमच्या गुडघे-वर्गात या तत्त्वाला बरीच वर्षं कोणी धक्का लावला नव्हता. हा वर्ग दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून भरतो. आत पाच खाटा, भिंतभर आरसा, धरून चालायला दोन दांडे, चढउतारासाठी लाकडी पायऱ्या आणि कुठेही न जाणारी एक सायकल आहे. घोट्याला वाळूची पिशवी बांधायची, पाय उचलायचा, धरून ठेवायचा, सोडायचा. मग गुडघा सहन होईल तितका वाकवायचा, आणि सहन होईनासा झाला की आणखी थोडा. यात दुखतं. म्हणून सभासद बोलतात.

त्यात पहिला मान शिकाऱ्यांचा. त्यांनी आयुष्यभर विमा विकला, पण एकदा मेहुण्याबरोबर रानडुकराच्या मागावर गेले होते. जुने सभासद सांगतात, की हे डुक्कर सुरुवातीला मेंढीएवढं होतं. मी वर्गात दाखल झालो तेव्हा ते म्हशीला मागे टाकण्याच्या बेतात होतं. वाढीचा हा वेग पाहून पशुवैद्य थक्क होतील, पण मेलेल्या जनावराच्या बाबतीत तो नैसर्गिक मानला जातो.

त्यानंतर सुभेदार. त्यांची नोकरी पलटणीच्या कपड्यांच्या कोठारात झाली. लढाई पेटली तेव्हा हे कोठार आघाडीपासून किती लांब होतं, याबद्दल मतभेद आहेत, आणि ते सगळे सुभेदारांचे स्वतःशीच आहेत. तिसरे कंडक्टर. त्यांची बस घाटात बर्फाच्या वादळात अडकली होती आणि प्रवाशांनी बाकांच्या गाद्या जाळून रात्र काढली होती. त्या रात्रीचं तापमान दर आठवड्याला थोडं थोडं उतरतं. आणखी वर्षभर उपचार चालले, तर ते विज्ञानाने घालून दिलेल्या हद्दीच्या खाली जाईल. (माझ्याकडेही एक चक्रीवादळ आहे. पण ही गोष्ट माझी नाही, तेव्हा विचारलंत तरच सांगेन.)

वर्गाचे नियम सोपे होते. दुसऱ्याचं नीट ऐकायचं, म्हणजे तो श्वास घ्यायला कधी थांबतो यावर नजर ठेवायची. थांबला की 'हे तर काहीच नाही' असं म्हणून आपलं सुरू करायचं. या चार शब्दांना आमच्याकडे दरवाजाच्या कडीचा दर्जा होता.

अशा सुस्थितीतल्या संस्थेत घड्याळजी दाखल झाले. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. माणूस सडपातळ, हळू बोलणारा, आणि डोळ्याला भिंग लावून जगलेल्या माणसाला जडतो तो अचूकपणाचा विकार त्यांना जडलेला. कंडक्टरांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुमचं कसं झालं?"

"बाथरूममध्ये साबणावरून घसरलो," घड्याळजी म्हणाले.

शिकाऱ्यांनी 'हे तर काहीच नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. कारण ते खरोखरच काही नव्हतं.

तिथून वर्गाला उतरती कळा लागली. डुकराचा विषय निघाला, की सगळ्यांच्या नजरा आपोआप घड्याळजींकडे वळत. ते कुचेष्टा करत नसत, हीच तर अडचण होती. ते मन लावून ऐकत आणि शेवटी खरोखरची शंका विचारत: एवढ्या वाऱ्यात गाद्यांनी पेट कसा घेतला? डुक्कर अंगावर आलं तेव्हा मेहुणे कुठे होते? आठवडाभरात कोणी तोंड उघडेना. आणि बोलणं थांबल्यावर दुखणं ऐकू येऊ लागलं. शंभर अंशांपर्यंत वाकणारे गुडघे ऐंशीवर आले. सुभेदारांनी वाळूची पिशवी बांधायला नकार दिला. (खरं बोलण्याचा सांध्यांवर होणारा परिणाम या विषयाकडे संशोधकांचं अक्षम्य दुर्लक्ष झालं आहे.)

सगळ्यात वाईट अवस्था कंडक्टरांची. त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती. मुलगी राहायची तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. बाळ एवढं लहान, की खाली आणायची सोय नाही. नातीला बघायला जायचं म्हणून ते लाकडी पायऱ्यांवर सराव करत होते. पूर्वी गोष्टीत बर्फ पडत असताना पाचही पायऱ्या चढून जात आणि वर पोचल्याचं त्यांच्या ध्यानातही येत नसे. आता दुसऱ्या पायरीवर दांडा धरून उभे राहत, खाली बघत, आणि उतरत.

शेवटी व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी घड्याळजींना बाजूला घेतलं. "काका, तुम्ही साबणाचं सांगितल्यापासून कोणाचा पाय वाकत नाही. दुसरं काहीतरी सांगा ना."

"पण साबणच होता."

"असू दे. औषध म्हणून सांगा."

घड्याळजींनी आयुष्यात कोणाला चुकीची वेळ सांगितली नव्हती. पण त्यांनी कंडक्टरांना दुसऱ्या पायरीवरून उतरताना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळे आडवे झाल्यावर ते खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "खरं सांगायचं तर मी एकदा जंगलात..." पुढचं येईना. कपाळावर घाम आला. बराच वेळ ते भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला नाही सांगता येत."

सुभेदार उठले, लंगडत त्यांच्या खाटेपाशी गेले आणि ताठ उभे राहिले. "नका सांगू," ते म्हणाले. "काही कामगिऱ्या सांगायच्या नसतातच."

मग सगळा उलगडा भराभर होत गेला. साबण हा सांकेतिक शब्द असणार, हे शिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. (तसं त्यांनी नंतर सांगितलं.) घड्याळाचं दुकान हा आडोसा. इतक्या बारीक यंत्रांवर हात बसलेल्या माणसाला सरकार दुकानात कशाला बसू देईल? घड्याळजी कळवळून सांगत, की खरंच साबण होता, हिरवा होता, वडी नवी होती. त्यावर सगळे समजूतदारपणे माना हलवत. त्यांनी जितकं नाकारलं तितकी कामगिरी मोठी होत गेली.

ज्याला स्वतःची गोष्ट सांगता येत नाही, त्याची गोष्ट सांगणं हे बाकीच्यांचं कर्तव्य ठरतं. वर्गाने ते हौसेने उचललं. सुभेदारांनी गुप्त हुकूम आणि पाठीवरचा जखमी जोडीदार दिला, शिकाऱ्यांनी लांडग्यांचा कळप दिला, कंडक्टरांनी वादळ दिलं, तेही स्वतःच्या वादळापेक्षा दोन अंशांनी थंड. असा त्याग त्यांनी पूर्वी कधी केला नव्हता. मी दोरखंडांचा एक झुलता पूल दिला. वर्गाच्या इतिहासात प्रथमच एका गोष्टीवर कोणी 'हे तर काहीच नाही' म्हटलं नाही. गुडघे शंभरीच्या पुढे गेले. महिन्याच्या आत कंडक्टर तिसरा मजला चढले आणि नातीला मांडीवर घेऊन बसले. लांडगे येण्याआधीच ती झोपली, अशी त्यांची तक्रार होती.

मग एका पावसाळी संध्याकाळी घड्याळजींच्या पत्नी छत्री घेऊन त्यांना न्यायला आल्या. त्यांना पाहताच घड्याळजींचा चेहरा उतरला, आणि सुभेदारांचा खुलला.

"वहिनी," सुभेदार म्हणाले, "आम्हाला सगळं कळलं आहे."

वहिनी दारातच थांबल्या. छत्रीचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "चूक माझीच होती," त्या म्हणाल्या. "साबण मीच खाली ठेवला होता. उचलायचा राहून गेला."

शिकारी माझ्या कानात कुजबुजले, की याही कामगिरीत होत्या म्हणजे. पण सुभेदारांनी वहिनींना खुर्ची दिली आणि सांगितलं, की साबणाचा याच्याशी काहीएक संबंध नाही, तो विषय आपण केव्हाच मागे टाकला. मग त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं. वहिनी आधी गोंधळल्या, मग छत्री बाजूला ठेवून ऐकू लागल्या. लांडग्यांनी वाट अडवली तेव्हा त्यांनी पदर मुठीत धरला. बर्फात कंदील विझला. जोडीदार बेशुद्ध पडला. घड्याळजींनी त्याला पाठीवर घेऊन झुलत्या पुलावर पाऊल टाकलं, आणि पलीकडच्या काठाच्या दोराचा एकेक पीळ सुटू लागला.

"मग?" वहिनींनी विचारलं.

तेवढ्यात मॅडमनी वेळ संपल्याचं सांगितलं. बाहेर पुढच्या वर्गाचे खांदेवाले ताटकळत होते. (त्यांच्याकडे सगळं झाडावरून पडल्यामुळे होतं. त्यांची ती मर्यादा आहे.)

बसच्या थांब्यापर्यंत मी त्या दोघांच्या मागेच होतो. आम्हा गुडघेवाल्यांना पुढे जाता येत नाही, त्यामुळे कानावर पडलं.

"म्हणजे साबण नव्हता?" वहिनींनी विचारलं.

घड्याळजी थांबले. छत्रीखालून त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं, डोळ्याला भिंग लावल्यासारखं.

"नव्हता," ते म्हणाले.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"परवानगी नव्हती."

या बाईंनी लग्न झाल्यापासून रोज दुपारी त्यांच्या दुकानात डबा नेऊन दिला होता. जंगलात गेलेल्या माणसाला डबा पोचवता येत नाही, एवढा हिशेब त्यांना येत असणारच. पण इतके दिवस नवऱ्याच्या पायाकडे बघत चालायच्या, त्या आता समोर बघत चालू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुलाचं काय झालं, ते घरी गेल्यावर सांगा."

वाचकांत अचूकपणाचे चाहते असतील, त्यांना ही सरळसरळ फसवणूक वाटेल. त्यांच्या तत्त्वनिष्ठेबद्दल आमच्या वर्गाला आदर आहे. पण तुमच्यापासून आम्ही काहीच लपवलेलं नाही. साबण होता, हिरवा होता, वडी नवी होती, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. तो पूल तर मीच दिला, हेही सांगून झालं. आणि तरीही तो तुटला की नाही हे कळल्याशिवाय तुमचा पाय इथून निघत नाही. आता थांबलाच आहात, तर तोवर गुडघा किती वाकतो तेवढं बघून घ्या.