वानखेडे काकांचा फटाका

वानखेडे काका मोटरसायकलचा आवाज ऐकतात तो तोंड उघडं ठेवून. डोळे मिटायचे, सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर उकिडवं बसायचं आणि आ वासायचा. "तोंड उघडं असलं का आवाज पोटात जाते, मास्तर," असं त्यांचं म्हणणं. पोटात गेल्यावर त्याचं पुढे काय होतं हे मी कधी विचारलं नाही. कारण त्याच आवाजानं दर रविवारी सकाळी साडेसहाला माझी झोप मोडते, आणि तेव्हा मी कुणाशी शास्त्रचर्चा करण्याच्या मनःस्थितीत नसतो.

मी प्रताप नगरातला शाळामास्तर. सहा दिवस शाळेची घंटा ऐकतो आणि सातव्या दिवशी शेजारच्या काकांचा फटाका. त्यांची काळी फटफटी माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. रेस दिली की शहाण्यासारखी चालते. सोडली की सायलेन्सरमधून फाट्! माझ्या हातातला चहा त्या आवाजानं किती वेळा बशीत आला, त्याची गणती नाही.

काकांनी पस्तीस वर्षं कोराडीच्या वीज केंद्रात पंप सांभाळले. निवृत्त होताना शाल-श्रीफळाबरोबर त्यांनी एक तत्त्वही घरी आणलं: "एका टायमाले एकच." मशीन बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कशात होता ते कळतं. मशीनपुरतं हे ठीक आहे. पण काकांना ताप आला तेव्हा काकूंनी गोळी आणि काढा एकदम पुढे ठेवला, तर त्यांनी काढा परत पाठवला. "दोन्ही घेतलं तर मी कायनं बरा झालो ते समजन का?" तीन दिवस फणफणले. काकू अजूनही ती गोष्ट कपाळाला हात लावून सांगतात.

फटाक्याचा तपासही असाच चालला होता, दोन वर्षं. दर रविवारी सकाळी काका दारात गाडीचे चारपाच फटाके वाजवून बघायचे, मग कोराडीकडे चक्कर मारायचे. दुपारी परत आले की कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं एक नाव लिहायचे. प्लग. पॉइंट. कॉइल. कार्बोरेटर. मग आठवडाभर तोच भाग उघडून, पुसून, परत बसवायचा. शनिवारी नावावर फुली. खडू अर्थातच माझ्या शाळेचा. माझ्याच झोपेच्या वैऱ्याला मी रसद पुरवत होतो.

हल्ली तर त्यांचं डोकंच चालेनासं झालं आहे, असं मला वाटू लागलं होतं. मागच्या महिन्यात भिंतीवर 'सीट' लिहिलं. त्यानंतर 'चेनकव्हर'.

"काका, चेनकव्हरमुळं फटाका वाजतो का कधी?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," काका म्हणाले आणि मान खाली घालून स्क्रू काढत बसले.

मला राग आला, खरं सांगतो. माणसानं हट्टी असावं, पण इतकं? एका शनिवारी काका-काकू लग्नाला काटोलला गेले. ती संधी साधून मी चौकातल्या रफीक मिस्त्रीला घेऊन त्यांच्या पोर्चमध्ये शिरलो. त्यानं गाडीकडे जेमतेम पाहिलं. इंजिनला सायलेन्सरचा पाइप जिथं जोडतात तिथल्या नटावर बोट ठेवलं.

"यहाँ से हवा जा रही है, सर. इसलिए फटाका." मग तो वाकून बारकाईनं बघू लागला. "लेकिन ये नट ढीला हुआ नहीं है, किया हुआ है. देखो, पाने के निशान."

"तू आवळ," मी म्हणालो. दोन मिनिटांत काम झालं. दोन वर्षांचा तपास, दोन मिनिटं! त्या रात्री मी गाढ झोपलो.

रविवारी काका काटोलहून उशिरा आले आणि फटाके न वाजवताच घाईघाईनं गाडी बाहेर काढू लागले. मी म्हटलं, मीही येतो. शाबासकी घ्यायला कुणी घरी बसून राहत नाही. काका "बसा" म्हणाले.

गाडी मुकाट्यानं चालली होती. कोळशाचे ट्रक लागले तसे काका अस्वस्थ झाले. रेस द्यायचे, सोडायचे, कान वळवायचे. परत द्यायचे, परत सोडायचे. मी मागे बसून गालातल्या गालात हसत होतो. कोराडीला पोचल्यावरच सांगायचं, असं ठरवलं होतं.

कोराडीच्या कॉलनीत एका क्वार्टरपुढे गाडी थांबली. एक बाई धावतच बाहेर आली.

"काहून जी काका, आज फटाका नाही वाजला? बाबाले वाटलं तुम्ही येऊनच नाही राहिले. चहाही घेतला नाही त्यायनं."

व्हरांड्यात खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, नजर समोरच्या भिंतीवर. आम्ही आलो त्याची त्यांना दखलही नव्हती.

"हा मेश्राम," काका म्हणाले. "माह्यासंग एकाच शिफ्टमधी होता. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक पंपाले, एक कानाले लावून सांगे, कोणचं बेअरिंग बिघडलं म्हणून. कधी चुकला नाही."

दोन वर्षांपूर्वी मेश्रामांना लकवा मारला. वाचा गेली, माणसं ओळखणं गेलं. काका दर रविवारी येऊन नुसते बसायचे. एकदा गाडीनं खरोखरच फटाका मारला, तर मेश्रामांचा डावा हात उठला आणि बोट प्लगवर थांबलं.

"आणि प्लगच होता, मास्तर! बदलला, फटाका बंद. पुढच्या रविवारी आलो, तर हा असाच बसून. भिंतीकडे पाहत." काकांनी सायलेन्सरच्या पाइपाकडे बोट केलं. "मंग मी नट ढिला केला."

मी काय करून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी ते सांगून टाकलं. काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता डिकीतून पाना काढला.

"पण काका, नट ढिला आहे हे तुम्हाला माहीत होतं, तर घरी जाऊन ते चेनकव्हर कशाला उघडायचं?"

"त्यानं सांगतलं होतं ना," काका म्हणाले. "त्यानं सांगतलं आन् मी नाही केलं, असं कधी झालं नाही."

त्यांनी नट दोन आटे ढिला केला, किक मारली, रेस दिली आणि सोडली. फाट्! मेश्रामांची मान वळली. काका खुर्चीशी जाऊन उभे राहिले.

"काय बे मेश्राम, सांग. काय झालं इले?"

डावा हात उठायला फार वेळ लागला. बोट दुरूनच इंजिनवरून गेलं, टाकीवरून गेलं. पुढे पुढे जात ते हेडलाइटवर थांबलं.

मेश्रामांच्या मुलीनं पदर तोंडाला लावला. काका क्षणभर हेडलाइटकडे बघत राहिले. मग त्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला.

"बरोबर बे. हेडलाइट. माह्या ध्यानातच नाही आलं."

परतीच्या वाटेवर फटाके वाजत होते. घरी आल्यावर काकांनी खडू घेतला आणि भिंतीवर स्वच्छ अक्षरात 'हेडलाइट' लिहिलं. मग गाडीपुढे उकिडवे बसले आणि हेडलाइटचे स्क्रू काढू लागले. दोन काढले, तिसऱ्याला हात थांबला. काकांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि तसेच बसून राहिले. गाडी बंद होती.

मी शेजारी बसलो आणि तिसरा स्क्रू काढला.