ओलाव्याचे हवाई छायाचित्र

मुलुंड पूर्वेच्या नवसंकल्प सोसायटीत, चौथ्या आणि शेवटच्या मजल्यावर, चंद्रप्रकाश धुरी आणि त्यांच्या पत्नी मालन यांच्यामध्ये गेले पाच आठवडे एक बादली झोपत होती. छतातून दर अकरा सेकंदांनी एक थेंब पडे. हा आकडा धुरींनी घड्याळ लावून काढला होता. विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षे काढली होती, आणि ज्याचे माप घेता येत नाही त्या गोष्टीवर, परमेश्वरासकट, त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

गच्चीच्या कुलपाची किल्ली सेक्रेटरी देवव्रत गुप्ते यांच्याकडे असे.

"गुप्ते, वर पाणी साचतंय. एकदा कुलूप उघडा, बघून घेऊ."

"उघडू ना. अर्ज द्या. सोबत गच्चीवरच्या खराब जागेचा फोटो जोडा."

"फोटो काढायला वर जावं लागेल ना?"

"वर जायला मंजुरी लागेल."

"आणि मंजुरीला?"

"फोटो."

या उत्तरात गुप्त्यांना कोणतीही विसंगती दिसली नाही. त्यांचे उभे आयुष्य एका निमसरकारी कार्यालयात गेले होते. वर्तुळ ही आकृती त्यांना परिपूर्ण वाटे.

"घरातल्या छताचा फोटो देतो की."

"तो तुमच्या घरातला झाला. घरातली गळती ही सभासदाची. आणि धुरी, एप्रिल चाललाय. पाऊस कुठेय?"

"टाकी रोज सकाळी भरून वाहते, साहेब!"

"त्याचाही फोटो जोडा."

पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्त्यांची यादी रविवारी सकाळी दहाच्या सभेत कायम व्हायची होती. यादीत नाव नसेल, तर बादलीच्या जागी टब घ्यावा लागणार होता आणि पलंगावर टब आणि दोन माणसे मावत नव्हती. हेही माप घेऊन झाले होते.

निवृत्तीच्या दिवशी टूलरूमच्या सहकाऱ्यांनी धुरींना रिमोटवर उडणारे थर्माकोलचे विमान भेट दिले होते. सोसायटीच्या नियमावलीत ड्रोनला सक्त मनाई होती. विमानाचा विचार मात्र नियमावलीने केलेला नव्हता. मनाई करणाऱ्यांची कल्पनाशक्ती नेहमी एका शोधाने मागे असते. धुरींनी गाडीच्या काचेला लावतात तसला छोटा कॅमेरा आणला. तो दर तीन सेकंदांनी आपोआप फोटो काढी. पोटाशी खाच कोरून त्यांनी तो पंखांच्या मागे बसवला.

सोसायटीमागच्या मैदानात पहिले उड्डाण झाले. विमानाने नाक आकाशाकडे केले, क्षणभर विचार केला आणि शेपटीवर बसले.

"मागे जड," धुरी म्हणाले. नाकाशी बावन्न ग्रॅम हवे होते. घरातल्या वस्तू त्यांनी एकेक करून काट्यावर ठेवल्या. बरोबर बावन्न ग्रॅमची वस्तू एकच निघाली.

"अहो, कुकरची शिट्टी खंय गेली?"

"मोहिमेवर आहे."

"मग डाळ पण मोहिमेवरच जेवा. मी नाय शिजवूचंय."

दुसऱ्या उड्डाणात विमान उडाले. पण फोटोंत सारे मुलुंड थंडी वाजून आल्यासारखे हलत होते. मोटरचा कंप कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये मऊ काहीतरी हवे होते. मालनबाईंचा नवा स्पंज कापला गेला. वजन पुन्हा वाढले, तेव्हा चाके काढली. आता विमानाला धावून उडता येत नव्हते, म्हणून रविवारी सकाळी सात वाजता ते लहू वॉचमनच्या हातात देण्यात आले.

"पंधरा अंशांत सोड."

"म्हंजे जोरात, साहेब?"

"पंधरा अंशांत."

"मग जोरातच टाकतो."

विमान सुटले. पहिली फेरी टाकीवरून गेली. दुसरी बरोबर धुरींच्या शयनगृहावरून गेली. तिसरी आवश्यक नव्हती. पण चौतीस वर्षे प्रत्येक माप तीनदा घेतलेल्या माणसाला दोनवर थांबता येत नाही. तिसऱ्या फेरीत एका घारीने या नव्या शेजाऱ्याची दखल घेतली. पंखाचा तुकडा उडाला आणि विमान, कॅमेरा, स्पंज व शिट्टी यांसह, गच्चीवर उतरले.

"वाट लागली," लहू म्हणाला.

धुरी धापा टाकत गुप्त्यांच्या दारात पोहोचले. गुप्ते दाढी करत होते.

"माझं विमान गच्चीवर पडलंय. पाच मिनिटं किल्ली द्या."

"वस्तू गच्चीवरच आहे, याला पुरावा?"

"लहूने पाहिलंय!"

"लहू खालून पाहणार. खालून गच्ची दिसते का?" गुप्त्यांनी ब्लेड धुतले. "दिसत असती, तर तुम्ही विमान कशाला उडवलं असतं?"

हा युक्तिवाद निर्दोष होता. निर्दोष युक्तिवादाइतके निरुपयोगी जगात थोडेच असते. धुरी घरी आले आणि खुर्चीत बसून राहिले. साडेआठ वाजले होते.

मालनबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, काहीतरी काढले आणि चप्पल न घालता बाहेर गेल्या. सहा मिनिटांनी त्या विमान काखोटीला मारून परत आल्या.

"शिट्टी आधी काढून द्या. डाळ लावूची आसा."

धुरी खुर्चीतून उठले. "किल्ली? तुझ्याकडे?"

"तीन वर्षं झाली. गुप्त्यांच्या बायकोने, विनिताने, करून दिलीय. मी वर सोडे-जवळा सुकवते, वाटा तिला देते. मासळीचा वास गुप्त्यांना चालत नाय, तळलेली चालते."

"आणि मी तीन आठवडे विमान कापत होतो, तेव्हा बोलली नाहीस?"

"विनिताला शब्द दिलेला. शिवाय निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही माझी फोडणी मोजत नव्हता."

धुरींनी हा मुद्दा बाजूला ठेवला आणि कॅमेरा टीव्हीला जोडला. फोटो अप्रतिम होते. थरथर नाही, तिरपेपणा नाही. टाकीतून वाहणारे पाणी, उतार, आणि शयनगृहाच्या बरोबर वर कोपऱ्यात साचलेले तळे. उंचवट्यावर जवळ्याची चटई. तळ्याच्या टोकाला, पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या तोंडात, काहीतरी निळे कोंबलेले होते. धुरींनी चित्र मोठे केले. कापड होते. आणखी मोठे केले. कापडावर खिसा होता, आणि खिशावर कारखान्याचे बोधचिन्ह.

"मालन, हा माझा युनिफॉर्म."

"जुना होता. पाइपातून उंदीर वर येतात नि जवळा खातात. बोळा कोंबला, तर येत नाय."

"पाणीही जात नाही!"

"ता माका कसा कळणार? मी सुकवायला जाते, पाणी बघायला नाय."

दहा वाजता सभा भरली. दुरुस्त्यांचा विषय निघाला.

"धुरी, फोटो आणलात?"

धुरींच्या खिशातल्या मोबाइलमध्ये या सोसायटीच्या इतिहासातला सर्वांत निर्विवाद पुरावा होता. तीन रांगा पुढे विनिता गुप्ते पंख्याकडे एकटक पाहत होत्या.

"नाही," धुरी म्हणाले.

गुप्त्यांनी इतिवृत्तात नोंद केली: सभासदाने पुरावा सादर केला नाही, सबब गळती अस्तित्वात नाही.

त्याच दुपारी मालनबाईंनी बोळा काढला. मंगळवारी थेंबाला चाळीस सेकंद लागू लागले, शनिवारी थेंब पडलाच नाही, आणि इतिवृत्तातली नोंद अक्षरशः खरी ठरली. बादली मोरीत परतली.

उंदीर मात्र आले. पाणी जाईल आणि उंदीर येणार नाही अशी पितळी जाळी करून द्यायची, असे ठरले. धुरींनी बऱ्याच दिवसांनी व्हर्नियर कॅलिपर काढून पुसला आणि हात पुढे केला.

"किल्ली दे. पाइपाच्या तोंडाचं माप घेऊन येतो."

मालनबाईंनी तांदळाच्या डब्याचे झाकण घट्ट लावले.

"विनिताला विचारूक लागेल," त्या म्हणाल्या. "तोवर फोटोवरून घ्या."